चौथ्या स्लॉटमधली डिस्क पुन्हा पुन्हा का मरते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भुसावळमधलं एक निदान केंद्र. सीटी स्कॅन आणि सोनोग्राफीच्या प्रतिमा एका असेंबल्ड टॉवर सर्व्हरवर साठवतात. चार-चार स्लॉटचे दोन पिंजरे, म्हणजे आठ स्लॉट. त्यातले पहिले सहा भरलेले, प्रत्येकात ४ टीबीची डिस्क, लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड, लेव्हल ५, म्हणजे सहाही डिस्क मिळून एकच साठा, त्यालाच ॲरे म्हणतात. फेब्रुवारीपासून स्लॉट ३ मधली एक आणि स्लॉट ४ मधल्या दोन डिस्क 'फेल' दाखवून ॲरेबाहेर पडल्या. दर वेळी दुकानदाराने वॉरंटीत दुसरी आणून दिली. आता मे महिन्यात स्लॉट ४ मध्ये नवी डिस्क बसवून रिबिल्ड, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून ती भरून घेणं, चालू होतं. ६१ टक्क्यांवर स्लॉट २ मधल्या डिस्कवर वाचनाची चूक आली, तीही बाहेर पडली आणि ॲरे बंद. दुकानदार म्हणतो, "फोर्स करून उठवू, नाही उठला तर सगळा बॉक्स नवा घ्या." तिथले तंत्रज्ञ विचारतात: फोर्स करू का, म्हणजे बाहेर पडलेली डिस्क जबरदस्तीने परत घेऊन ॲरे चालू करू का? आणि आमच्याच डिस्क अशा का मरतात? सोबत लॉगच्या ओळी आणि स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे, आकडे दिलेत, शेवटचा बॅकअप दिवाळीचा आहे हेही प्रामाणिकपणे लिहिलंय.

भाऊ, आधी मशीन नीट शटडाउन करून बंद ठेवा. आत्ताच. आणि दुसरं काही करण्याआधी डॉक्टरांना सांगा की दिवाळीनंतरच्या प्रतिमा धोक्यात आहेत. हे सांगायला जीव घाबरतो, मला माहीत आहे, पण लपवून केलेली दुरुस्ती घाईत होते, आणि घाईतल्या दुरुस्तीनं डिस्कपेक्षा जास्त डेटा घालवलाय. गेली बावीस वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात हेच काम करतोय. पूर्ण गेलेले जे ॲरे माझ्या टेबलावर आले, त्यातले बहुतेक पहिल्या बिघाडानं गेले नव्हते. बिघाडानंतर कुणीतरी 'रिपेअर', 'इनिशिअलाइझ' किंवा 'क्रिएट' दाबलं होतं.

फोर्स करू का? करायचंच आहे. पण आज नाही, आणि सध्याच्या स्लॉट २ च्या डिस्कवर तर नाहीच.

कारण सांगतो. लेव्हल ५ मध्ये एक डिस्क गेली तरी चालतं, दोन गेल्या की नाही. तुमच्या हिशेबात स्लॉट ४ ची डिस्क अर्धवट भरलेली, म्हणजे नसल्यातच जमा. राहिल्या पाच: १, २, ३, ५, ६. या पाचही वाचता आल्या तरच डेटा उभा राहील. त्यातली दुसरी आजारी आहे. तुम्ही दिलेल्या लॉगमध्ये तिच्या नावापुढे 'यूएनसी' आहे, म्हणजे न सुधारता आलेली वाचनाची चूक. स्मार्टमध्ये १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे पेंडिंग सेक्टर, वाचता न येणारे छोटे तुकडे, २४ आहे आणि १८७ मध्ये, म्हणजे न सुधारता आलेल्या चुका, ६. ही खरी, आतून खराब झालेली डिस्क. फोर्स करून ॲरे उठवला तर त्याच जागेवर पुन्हा अडखळेल, पुन्हा बाहेर पडेल, आणि प्रत्येक फेरीत तिचं हेड त्या खराब भागावरून घासत जाईल.

म्हणून आधी तिची प्रत काढा. सहाही डिस्कच्या ट्रेवर मार्करने स्लॉट क्रमांक लिहा, प्रत्येकीचा सिरीयल क्रमांक वहीत उतरवा, मोबाइलवर फोटो काढा. मग स्लॉट २ ची डिस्क बाहेर काढून दुसऱ्या साध्या पीसीला, नव्या साटा केबलनं, थेट मदरबोर्डला जोडा. यूएसबीच्या डबीतून नको. त्या डब्या चुकीच्या सेक्टरवर अडकतात आणि मध्येच डिस्कच गायब करतात. डिस्कवर टेबल फॅन सोडा. खराब डिस्कची रिकाम्या डिस्कवर प्रत काढणारा ग्नू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा आणि कुठला भाग वाचून झाला त्याची नोंद, म्हणजे मॅप फाइल, ठेवा, म्हणजे मध्ये लाइट गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू होईल. पहिली फेरी अडेल तिथे न थांबता पुढे जाणारी, म्हणजे चांगला भाग आधी हाती लागतो. मग उरलेल्या तुकड्यांसाठी दोन-तीन फेऱ्या, त्यातली एक उलट दिशेने. ४ टीबीची धडधाकट डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या सरासरी वेगाने वाचली तर साडेसात तास लागतात. तुमची आजारी आहे, रात्रभर आणि वर थोडं धरा. मध्येच टक टक असा आवाज येऊ लागला तर तिथेच वीज काढा. तो हेडचा आवाज असतो, आणि मग काम तुमचं-माझं राहत नाही, धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी लॅबचं होतं. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय कुणीतरी सुचवेलच. तो ऐकू नका. आत दव धरतं.

स्रोत कुठली आणि लक्ष्य कुठली हे एंटर दाबण्याआधी सिरीयल क्रमांक मोठ्यानं वाचून तपासा. मी आजही एकटा असलो तरी मोठ्यानं वाचतो. २०११ साली एकदा माझं बोट एंटरवर होतं आणि दोन्ही नावं उलटी टाकलेली होती. रिकामी डिस्क आजारी डिस्कवर ओतली गेली असती. त्या दिवसापासून ही सवय.

२४ पेंडिंग सेक्टर म्हणजे घाबरण्यासारखं नाही. एकेक ४ केबीचा धरला तरी सगळे मिळून शंभर किलोबाइट होत नाहीत. ते एखाद्या प्रतिमेत पडले तर ती प्रतिमा जाईल, फाइल सिस्टीमच्या हिशेबाच्या जागी पडले तर जरा डोकेदुखी. तरी २० टीबीपुढे काहीच नाही. आणि हो, स्लॉट ४ मधून शेवटी काढलेली डिस्क कुठे आहे? दुकानदाराकडे असेल तर आज जाऊन परत आणा. स्कॅनची प्रतिमा एकदा लिहिली की कुणी बदलत नाही. त्यामुळे ती डिस्क ज्या तारखेला बाहेर पडली, त्याआधीचा तिच्यावरचा मजकूर अजून खरा आहे. स्लॉट २ चा एखादा तुकडा वाचलाच नाही, तर त्या जागेपुरती ती कामाला येऊ शकते. रिबिल्ड पूर्ण होऊन आठवडा जाईपर्यंत 'मेलेली' डिस्क वॉरंटीत परत द्यायची नाही, हा माझा नियम आहे. दुकानदार कुरकुरतात, कुरकुरू द्या.

प्रत तयार झाली की १, दुसरीची प्रत, ३, ५ आणि ६ अशा पाच डिस्क जोडून ॲरे फोर्सने उठवायचा. पैशांची सोय असेल तर बाकी चारींच्याही प्रती काढून प्रतींवरच काम करा, कारण फोर्स त्या डिस्कवरच्या नोंदीत बदल करतो. आधी प्रत्येकीची रेडची नोंद वाचून इव्हेंटचा आकडा, म्हणजे ॲरेतल्या बदलांची मोजणी, बघा. चौघींचा सारखा आणि दुसरीचा थोडासा मागे असेल. थोडाच फरक असेल तर फोर्स योग्य. हजारोंनी मागे असेल तर थांबा आणि मला कळवा. नवा ॲरे 'क्रिएट' करून जुना परत येतो असं इंटरनेटवर वाचाल. डिस्कचा क्रम, चंकचा (एका डिस्कवर सलग लिहिलेल्या तुकड्याचा) आकार, सुरुवातीची जागा यातलं एक जरी चुकलं तर हाती खिचडी येते. उठलेला ॲरे फक्त वाचनासाठी माउंट करा आणि सगळा डेटा दुसरीकडे काढा. फाइल सिस्टीमची दुरुस्ती त्याआधी चालवू नका. एवढं झालं की अर्धी लढाई संपली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला त्यातच जास्त रस आहे.

तुमच्याकडे दोन वेगळे रोग एकाच वेळी आहेत, म्हणून दुकानदार गोंधळला. स्लॉट २ ची डिस्क खरंच खराब. पण स्लॉट ३ आणि ४ मधून काढलेल्या डिस्कचे आकडे बघा. ५ क्रमांक, म्हणजे बदललेले सेक्टर: शून्य. १९७: शून्य. १९८: शून्य. आणि १९९? एकीवर ४१२, दुसरीवर १,०३८. या डिस्क मेलेल्या नव्हत्याच.

१९९ म्हणजे सीआरसी. डिस्क आणि त्या जिथे जोडल्यात ते सास कार्ड यांच्यामधल्या रस्त्यावर डेटा बिघडला, पलीकडे पोचल्यावर बेरीज जुळली नाही, एवढंच तो आकडा सांगतो. रावेरहून केळी चांगली भरली आणि दिल्लीला काळी पोचली तर कुणी बागेवर कुऱ्हाड चालवत नाही, गाडी बघतात. इथे वड्याचं तेल वांग्यावर निघालं. हा आकडा आयुष्यात कधी कमी होत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतोय का हे बघायचं. जुन्या केबलवर झालेले ४०० केबल बदलल्यावरही ४०० च दिसणार. ४०१ झाले तर मात्र दोष जिवंत आहे.

आता सहाही स्लॉटचे १९९ एका ओळीत मांडा. स्लॉट १ वर ९, दुसऱ्यावर ३७, तिसऱ्या-चौथ्यावर शेकड्यांनी, पाचव्यावर शून्य, सहाव्यावर शून्य. वरचा पिंजरा आजारी, खालचा ठणठणीत. हे चित्र डिस्कचं नाही. डिस्क अशा शेजारी बघून आजारी पडत नाहीत.

मी कुठल्याही पेटीपुढे बसलो की पहिला प्रश्न हाच विचारतो: एका वेळी किती डिस्क गळाल्या? एक गळाली तर डिस्क किंवा तिचा स्लॉट. एकाच पिंजऱ्यातल्या चार गळाल्या तर त्या पिंजऱ्याची डेटा केबल किंवा वीज, कारण मिनी-सास केबल एकटी चार डिस्क सांभाळते. सगळ्याच गळाल्या तर कार्ड किंवा एसएमपीएस, म्हणजे सर्व्हरला वीज देणारी पेटी. लॉगमध्ये सेकंदापर्यंत वेळ असते, तिथे बघायचं. 'लिंक रीसेट' च्या ओळी एका डिस्कच्या नावाने आहेत की एकाच सेकंदात चारांच्या? बरेच जण लॉगमधली शेवटची ओळ वाचतात. शेवटची ओळ म्हणजे डिस्क बाहेर काढल्याची नोंद, ती पंचनामा असते. गुन्हा त्याच्या वीस-पंचवीस ओळी आधी घडलेला असतो.

आणि एक आकडा तुम्ही दिलाय पण त्यावर काही लिहिलेलं नाही. स्लॉट ४ मधून शेवटी काढलेल्या डिस्कवर १२ क्रमांक, म्हणजे किती वेळा वीज येऊन ती सुरू झाली तो आकडा, ६१ आहे. ती डिस्क तुमच्याकडे फक्त चाळीस दिवस होती आणि त्या काळात सर्व्हर एकदाही बंद केला नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग ती एकसष्ट वेळा कशी सुरू झाली? तिच्यापुरती वीज जात होती. १९२ क्रमांकही बघा, अचानक वीज गेल्याने हेड मागे घेतल्याची नोंद तिथे असते. तोही त्याच प्रमाणात वाढलेला दिसेल.

म्हणून पैज लावायची तर मी डेटा केबलवर लावणार नाही, पिंजऱ्याच्या मागे लागणाऱ्या मोलेक्सवर, म्हणजे चार पिनांच्या वीजजोडावर, लावीन. असेंबल्ड टॉवरमध्ये एका पिंजऱ्याला बहुतेक दोन मोलेक्स असतात. त्यातल्या एकाची पिन सैल झाली की सगळा भार दुसऱ्यावर जातो, आणि टोकाच्या स्लॉटला व्होल्टेज आधी कमी पडतं. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेतून दोन अँपिअरच्या आसपास ओढते. सैल पिन तापते, तापली की तिची पकड आणखी सैल होते, कार्बन धरतो.

हे मी बोदवडकडच्या एका जिनिंगमध्ये अगदी असंच पाहिलंय. तिथेही तीन डिस्क बदलून झाल्या होत्या. मागचं झाकण काढलं तर आत पंख्यावर सरकीच्या कापसाचा नमदा बसलेला, बोटानं सोलला तर अख्खा निघाला. त्याच्या मागे पांढरा मोलेक्स, पण एका पिनेभोवती प्लॅस्टिक पिवळं, मग तपकिरी, मध्ये जवळजवळ काळं. हाताने हलवला आणि स्लॉट ४ चा हिरवा दिवा विझून पुन्हा लागला. मालक बाजूला उभे होते, म्हणाले, "काय भो, चाळीस रुपयांच्या खटक्यासाठी तीन डिस्का?" तोच हिशेब.

म्हणून तुमची तपासणी अशा क्रमाने करा, पण डेटा बाहेर निघाल्यावरच, आणि भंगारातल्या जुन्या डिस्क लावून. खऱ्या डिस्कवर प्रयोग नाही. वरच्या पिंजऱ्याचे मोलेक्स काढून रंग बघा, पिनांची पकड बघा. मध्ये वाय जोड लावलेला असेल, विशेषतः एका मोलेक्सचे दोन साटा करणारा साच्यात ओतलेला, तर तो काढून टाका. त्यातल्या तारा आत जवळजवळ असतात, शॉर्ट होऊन जळतात. मग मल्टिमीटर लावा. १२ ची तार ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये असली पाहिजे, तीही सगळ्या डिस्क सुरू होत असताना, निवांत बसलेल्या असताना नव्हे. मात्र मीटर चांगलं दाखवतोय म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. काही मिलिसेकंदांचा गोता साध्या मीटरला दिसत नाही. त्यासाठी माहितीतला चांगला एसएमपीएस लावून दोन दिवस चालवणं हाच उपाय.

वीज निर्दोष निघाली तर डेटा केबलकडे. आधी कार्डवरच्या दोन केबलींची तोंडं अदलाबदल करा. १९९ आता पाचव्या-सहाव्यावर वाढू लागला तर कार्डचं ते पोर्ट दोषी. वरच्याच पिंजऱ्यात राहिला तर केबलीच बदलून बघा. केबल बदलूनही तिथेच राहिला तर बॅकप्लेन, म्हणजे पिंजऱ्यामागची, डिस्क जिला टेकतात ती पाटी. दोष वस्तूबरोबर प्रवास करतो की जागेवर राहतो, एवढंच शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि दुरुस्त झालं तर काय दुरुस्त झालं ते कधीच कळत नाही, आणि जुनी केबल 'बरी दिसते' म्हणून कपाटात जाते, पुढच्या गिऱ्हाइकाकडे लागते.

दुकानदाराला फार बोल लावू नका. त्यानं बदलून दिलं, तेवढं त्याच्या हातात होतं. डिस्क सर्व्हिस सेंटरला 'दोष नाही' म्हणून पास झाली असणार, कारण तिच्यात दोष नव्हताच. फक्त त्यानं तिसऱ्यांदा तोच पिंजरा बघून थांबायला हवं होतं.

आता दुपारचं. तिन्ही वेळा बिघाड दुपारी एक ते पाचच्या दरम्यान झाला हे तुम्ही लिहिलंत, शाब्बास, ही नोंद फार कमी लोक ठेवतात. भुसावळचा मे महिना कुणाला सांगायला नको. बाहेर ४५ अंश, आणि तुमच्या खोलीतला एसी जेवणाच्या सुट्टीत 'वीज वाचवायला' बंद. डिस्क ५३-५४ अंशांवर. बहुतेक डिस्कची कागदावरची मर्यादा ६० असते, म्हणजे कायद्यात बसतं. मी स्वतः ४५ च्या आत असेल तरच निवांत झोपतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. त्यात उष्णता आणि बिघाड यांचं नातं लोक समजतात तितकं घट्ट निघालं नाही. फार तापलेल्या आणि वयस्क डिस्कमध्ये ते दिसलं. म्हणजे उन्हाळ्याचा पहिला बळी डिस्क असेलच असं नाही. आधी मरतात त्या भोवतालच्या गोष्टी: पंख्याचं बेअरिंग, एसएमपीएसमधले कपॅसिटर, यूपीएसची बॅटरी, आणि तुमच्या बाबतीत सास कार्डची चिप. ती कार्डं रॅक सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. टॉवरमध्ये त्यांच्या हीटसिंकवर वाराच नसतो. हात लावून बघा, बोट टेकवेना तर त्यावर छोटा पंखा बांधा. सैल पिनही दुपारीच जास्त रुसते, म्हणून दुपार दोघांकडेही बोट दाखवते. गोंधळ नको म्हणून आधी पिन, मग पंखा.

त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी मी नवीन पोरांना सांगतो. डिस्कच्या पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती जाण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. म्हणून तुमची स्लॉट २ ची डिस्क फॉरमॅट करून सीसीटीव्हीला लावण्याचा विचारही करू नका. दुसरी गोष्ट उलट दिशेची: मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकी एकही नव्हती. स्मार्ट चांगलं आहे म्हणजे डिस्क चांगली आहे असं नव्हे.

खान्देशात आणखी एक खास चूक पाहतो: सर्व्हरच्या खोलीत कूलर. एसीचं बिल परवडत नाही म्हणून वाळ्याचा कूलर लावतात, खोली गार होते, सगळे खूश. पण कूलर पाण्याची वाफ आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार दोन्ही आत फेकतो. वर्षभरात बॅकप्लेनच्या पिनांवर पांढरट थर चढतो. मग १९९ वाढू लागतो आणि लोक डिस्क बदलत बसतात. एसी जमत नसेल तर सरळ मोठा एक्झॉस्ट लावा, सावलीच्या बाजूने कोरडी हवा आत घ्या आणि जाळी दर पंधरा दिवसांनी झाडा. गरम पण कोरडी हवा मशीन सोसतं, दमट सोसत नाही. जाळीवरून आठवलं, नंदुरबारला मिरचीच्या पथारीशेजारच्या एका ऑफिसात सर्व्हर उघडला होता. पंख्यांची पाती लालभडक. मी मूर्खासारखा खोलीतच ब्लोअर लावला. पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं बाहेर ओट्यावर, डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका. धूळ मशीन बाहेर नेऊन काढायची हे तिथे शिकलो. आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते जनरेटरसारखं फिरतं.

अर्थिंगही याच महिन्यात बघा. आपली काळी जमीन मेमध्ये भेगाळते, खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंगचा रोध चढतो. सर्व्हरच्या प्लगवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावा. दोनेक व्होल्टच्या आत असेल तर ठीक. आठ-दहा दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि खड्ड्यात पाणी सोडायला लावा. सीटीसारखं मोठं यंत्र त्याच इमारतीत असताना तर हे आधी बघायचं. यूपीएसच्या बॅटरीचं गणित सोपं आहे: २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं. पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी आपल्याकडे दोन-अडीच वर्षांत दम तोडते, आणि ते लाइट गेल्यावरच कळतं.

नव्या ॲरेबद्दल थोडं. सहा डिस्कवर लेव्हल ५ पुन्हा नको, लेव्हल ६ करा. ४ टीबी कमी मिळतील, पण रिबिल्ड चालू असताना एका डिस्कनं दगा दिला तरी घर उभं राहील. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात शंभर लाख कोटी बिट वाचनामागे एखादी चूक अशी हमी असते, म्हणजे साडेबारा टीबी. तुमच्या रिबिल्डला पाच डिस्क मिळून २० टीबी वाचावं लागत होतं. प्रत्यक्षात डिस्क या हमीपेक्षा बऱ्या वागतात, तरी एवढ्या भरवशावर रुग्णांचा डेटा ठेवायचा नाही. डिस्क घेताना नॅससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यासाठी बनवलेल्या, घ्या. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिटभरसुद्धा झटते, लिनक्स ३० सेकंदांत कंटाळून तिला रीसेट मारतो, आणि चांगली डिस्क उगाच बाहेर पडते. नॅसची डिस्क सात सेकंदांत हात वर करते आणि ॲरे इतर डिस्कवरून ती जागा भरून घेतो. आणि एसएमआर पद्धतीच्या डिस्क टाळा. एकावर एक कौलं रचल्यासारख्या त्यांच्या पट्ट्या असतात, रिबिल्डला दिवसचे दिवस घेतात. बिलावर हे लिहिलेलं नसतं, मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या पानावर बघावं लागतं.

आणि महिन्याची तपासणी परत चालू करा. रविवारी मशीन मंद होतं म्हणून तुमच्या आधीच्या माणसानं ती बंद केली होती ना? डेबियनमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲरे सगळ्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचून बघतो. ती चालू असती तर स्लॉट २ चे खराब सेक्टर बहुधा आधीच, सहाही डिस्क जागेवर असताना सापडले असते आणि गुपचूप दुरुस्तही झाले असते. तुमचा ॲरे खरा बंद पाडला तो ही तपासणी बंद ठेवण्यानं. बॅकअपचं मी वेगळं लिहीत नाही. दिवाळी ते मे हा हिशेब तुम्हालाच टोचतोय, ते तुमच्या पत्रात दिसतं.

तर आज मशीन बंद, डॉक्टरांना फोन, दुकानदाराकडून जुनी डिस्क परत. उद्या प्रत काढायला लावा आणि मॅप फाइल मला पाठवा. सोबत सहाही डिस्कचे १२ आणि १९२ हे दोन आकडे. वरच्या पिंजऱ्याचा मोलेक्स बदललात तर जुना फेकू नका, त्याच्या प्लॅस्टिकचा रंग मला बघायचाय.